महसूल अंदाजापेक्षा जास्त आला, मग रिफंड येणार का? मॅसॅच्युसेट्सच्या ६२एफ मर्यादेचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२२ च्या नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्याकडून तुमच्या खात्यात न मागता पैसे जमा झाले. तेव्हापासून 'राज्याचा महसूल अंदाजापेक्षा इतका जास्त' अशी बातमी दिसली की यंदाही रिफंड येणार असं वाटतं, आणि येत काहीच नाही. राज्याने वर्षाला जास्तीत जास्त किती करमहसूल ठेवायचा आणि वरचा परत करायचा, याची ६२एफ नावाची ही कायदेशीर मर्यादा नेमकी कशी ठरते, आणि वर्ष चालू असताना आपण तिच्या किती जवळ पोचलो हे आपलं आपल्याला तपासता येईल का?

तपासता येईल. राज्यांच्या महसुलाचे अंदाज बांधणं हे माझं रोजचं काम आहे, आणि ६२एफचा हिशेब एका साध्या एक्सेल शीटवर मावतो. फक्त त्या बातम्या आधी बाजूला ठेवायला हव्यात, कारण त्यातला 'अंदाज' आणि कायद्यातली 'मर्यादा' यांचा एकमेकांशी संबंध नाही. बातमीतला अंदाज म्हणजे बेंचमार्क. अर्थसंकल्प बांधताना गव्हर्नरचं प्रशासन आणि विधिमंडळाची दोन्ही सभागृहं मिळून महसुलाचा एक आकडा ठरवतात. साधारणपणे जानेवारीत हे होतं, आणि पुढे त्या आकड्याची बारा महिन्यांत विभागणी केली जाते. तो आकडा मुद्दाम हात राखून धरलेला असू शकतो, चुकू शकतो, वर्षाच्या मध्यात बदलूही शकतो. मर्यादा मात्र कायद्यातल्या सूत्रातून निघते. बेंचमार्क कमी धरला म्हणून मर्यादा खाली येत नाही. त्यामुळे एखाद्या वर्षी महसूल बेंचमार्कच्या शंभर कोटी डॉलर वर आणि तरीही मर्यादेच्या बराच खाली असू शकतो.

कायद्याचा इतिहास दोन-चार वाक्यांत सांगते. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात मालमत्ता कर आवळणारं प्रपोझिशन १३ मंजूर झालं आणि अमेरिकेत करांवर लगाम घालायची लाट आली. त्याच वर्षी मिशिगनने हेडली दुरुस्ती स्वीकारली, १९८० मध्ये मिझुरीने हँकॉक दुरुस्ती स्वीकारली, आणि मॅसॅच्युसेट्सने १९८० मध्ये मालमत्ता करावर अडीच टक्क्यांची मर्यादा घातली. १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी थेट मतदानाने राज्याच्या एकूण करमहसुलावरही मर्यादा आणली. तोच हा ६२एफ. १९८७ मध्ये तो एकदा लागू पडला, तेव्हा मर्यादेवरची रक्कम सुमारे २.९ कोटी डॉलर होती. त्यानंतर तब्बल ३५ वर्षं काही घडलं नाही. आर्थिक वर्ष २०२२ मध्ये, म्हणजे १ जुलै २०२१ ते ३० जून २०२२ या वर्षात, जादा रक्कम निघाली २.९४१ अब्ज डॉलर. आपल्या भाषेत २९४ कोटी डॉलर.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांना हा प्रकार अनोळखी वाटेल, कारण आपल्याकडे राज्याच्या एकूण करवसुलीवर असं बंधन नाही. महाराष्ट्राचा २००५ चा राजकोषीय उत्तरदायित्व कायदा तुटीवर नजर ठेवतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये व्यवसाय कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा आहे, पण ती एका माणसाकडून किती घ्यायचं याची. 'राज्याकडे एकूण इतकेच पैसे यावेत, वरचे परत करा' ही कल्पनाच निराळी आहे.

आता हिशेब. राज्य लेखापरीक्षक सुझान बम्प यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये प्रमाणित केलेले आकडे असे होते: निव्वळ राज्य करमहसूल ४१.८१२ अब्ज डॉलर, कायद्याने अनुज्ञेय महसूल, म्हणजेच मर्यादा, ३८.८७१ अब्ज, फरक २.९४१ अब्ज. वजाबाकी तिसरीतल्या मुलाला येईल. अवघड आहे ते या दोन आकड्यांपर्यंत पोचणं.

पहिला आकडा घ्या. जुलै २०२२ मध्ये महसूल विभागाने वर्षअखेरची प्राथमिक वसुली जाहीर केली ती ४१.१०५ अब्ज डॉलर. प्रमाणपत्रात आहे ४१.८१२. मधला फरक ७०.७ कोटी डॉलरचा. हा फरक व्याख्येमुळे पडतो. महसूल विभाग दर महिन्याला जाहीर करतो ती मुख्यतः त्याने स्वतः गोळा केलेल्या करांची बेरीज असते. ६२एफची व्याख्या राज्याच्या करांची आहे, मग ते कोणत्या का खात्याकडे जमा होईनात. त्यामुळे इतर खात्यांकडे येणारे करही त्यात मिळवले जातात, आणि करदात्यांना परत गेलेल्या रकमा वजा होतात. ७०.७ कोटी हा आकडा किरकोळ समजू नका. केवळ मासिक आकडा धरून हिशेब केला असता तर जादा रक्कम २.२३४ अब्ज निघाली असती, म्हणजे खऱ्या रकमेपेक्षा जवळजवळ चौथा हिस्सा कमी. मर्यादेच्या अगदी कडेवर असलेल्या वर्षात तर एवढ्या फरकाने 'येणार' आणि 'नाही येणार' हे उत्तरच उलटं होतं. म्हणून माझ्या शीटवर मासिक वसुलीच्या शेजारी इतर खात्यांच्या करांचा वेगळा स्तंभ असतो. लेखापरीक्षकांच्या मागच्या अहवालातून तो फरक घ्यायचा आणि त्यात थोडी वाढ धरायची. बिनचूक नसेल, पण शून्य धरण्यापेक्षा कितीतरी बरं.

याच संदर्भात एक समज वारंवार ऐकू येतो: जादा पैसे राज्याने राखीव निधीत टाकले की ते मर्यादेतून सुटतात. नाही सुटत. मर्यादा महसुलावर आहे, खर्चावर नाही. पैसे कर म्हणून आले तिथेच ते मोजले गेले. पुढे ते शाळांना दिले, रेल्वेला दिले की तिजोरीत ठेवले, याने मोजणीत फरक पडत नाही.

दुसरा आकडा जास्त गमतीचा आहे, आणि बहुतेक लेखांमध्ये तो अर्धाच सांगितलेला असतो. 'राज्यातल्या पगार आणि मजुरीच्या गेल्या तीन वर्षांच्या सरासरी वाढीइतकाच महसूल वाढू शकतो' असं वाक्य तुम्ही वाचलं असेल. बरोबर आहे, पण वाढ कशावर? वाचणारा आपोआप धरतो की मागच्या वर्षीच्या महसुलावर. तसं असतं तर काय झालं असतं ते पाहा. आर्थिक वर्ष २०२१ मध्ये महसूल विभागाची वसुली होती सुमारे ३४.१४ अब्ज. २०२२ ची मर्यादा ३८.८७१ अब्ज. म्हणजे मागच्या वसुलीपेक्षा जवळपास १४ टक्के वर. इतर खात्यांचे कर मिळवून मागच्या वर्षाचा पाया थोडा वर नेला, तरी ११-१२ टक्के उरतातच. राज्यातले पगार तीन वर्षांच्या सरासरीने दरवर्षी इतके वाढत नव्हते, हे तिथे नोकरी केलेल्या कुणालाही माहीत आहे. खुलासा असा की वाढीचा दर मागच्या वर्षीच्या मर्यादेवर लावला जातो, मागच्या वर्षीच्या महसुलावर नाही. मर्यादेवर मर्यादा चढत जाते.

या एका गोष्टीत ६२एफचा सगळा स्वभाव आहे. मंदी आली, महसूल घसरला, तरी मर्यादा घसरत नाही. ती पगारवाढीच्या सरासरीने वरच जात राहते. त्यामुळे वाईट वर्षांत महसूल आणि मर्यादा यांच्यात अंतर साठत जातं, आणि चांगल्या वर्षांत महसूल ते अंतर आधी भरून काढतो. १९८७ नंतर साडेतीन दशकं कायदा झोपल्यासारखा का होता, याचं मोठं कारण हे. डॉट-कॉमचा फुगा फुटला, २००८ चं संकट आलं, प्रत्येक वेळी अंतर रुंदावलं. ते एका उडीत ओलांडायला २०२२ सारखं, एका वर्षात वसुली २०.४ टक्क्यांनी वाढलेलं, अपवादात्मक वर्ष लागलं. आणि त्यानंतर लगेच २०२३ मध्ये मर्यादा पुन्हा ओलांडली गेली नाही, कारण मर्यादा पुढे सरकली आणि महसूल मागे आला.

कोलोराडोशी तुलना केली की हे आणखी स्पष्ट होतं. तिथला १९९२ चा टेबॉर (टॅक्सपेयर्स बिल ऑफ राइट्स, तिथली महसूल-मर्यादा) हा त्या राज्याच्या घटनेतलाच भाग आहे, आणि त्याचं सूत्र महागाई अधिक लोकसंख्यावाढ असं आहे. मूळ रचनेत पुढच्या वर्षाचा पाया म्हणजे मागची मर्यादा किंवा मागचा प्रत्यक्ष महसूल, यातलं जे कमी असेल ते. २००१ नंतरच्या मंदीत महसूल कोसळला, आणि त्याबरोबर मर्यादाही खाली ओढली गेली. मग अर्थव्यवस्था सावरली तरी राज्याला आधीच्या पातळीपर्यंत जाता येईना, जादा म्हणून पैसे परत करावे लागणार होते. शेवटी २००५ मध्ये मतदारांनी रेफरेंडम सी हा प्रस्ताव मंजूर करून पाच वर्षं मर्यादा स्थगित केली, आणि पुढची मर्यादा त्या पाच वर्षांतल्या सर्वांत जास्त महसुलाच्या वर्षावरून मोजायला सुरुवात झाली. तेव्हापासून तिथलीही मर्यादा महसुलाबरोबर खाली येत नाही. कोणत्याही राज्याची मर्यादा तपासायला घेतली की मी पहिला प्रश्न हाच विचारते: वाईट वर्षानंतर पाया खाली येतो का? या उत्तरावरून पुढच्या दहा वर्षांचा अंदाज येतो. वाढीचा दर ३ टक्के की ४, हा त्यानंतरचा प्रश्न.

कोलोराडोकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथे 'एंटरप्राइझ' म्हणून वर्गीकृत झालेल्या सरकारी उपक्रमांचं उत्पन्न टेबॉरच्या मोजणीबाहेर असतं. २०१७ मध्ये रुग्णालयांकडून घेतलं जाणारं शुल्क अशा एंटरप्राइझमध्ये हलवण्यात आलं. पैसे तेच, देणारे तेच, पण मर्यादेच्या हिशेबातून ती रक्कम बाहेर पडली, आणि त्याच कायद्याने मर्यादाही २० कोटी डॉलरने खाली आणली. आलेख काढणाऱ्याने ही तारीख नोंदवली नसेल तर त्या वर्षी महसूल अचानक का घटला याची कारणं तो भलतीकडेच शोधत बसेल. मॅसॅच्युसेट्समध्येही दरवर्षी व्याख्या पुन्हा वाचायची असते. मागच्या वर्षीची शीट तशीच पुढे ओढायची नाही.

आणि ओरेगन. तुमच्या गोंधळाचं मूळ मला तिथे दिसतं, कारण ओरेगनच्या 'किकर'च्या, म्हणजे तिथल्या कर-परताव्याच्या, बातम्या वाचून अनेकांना सगळीकडे तसंच असतं असं वाटतं. तिथे तुलना खरोखरच अंदाजाशी होते. दोन वर्षांच्या अर्थसंकल्पी काळात महसूल अधिकृत अंदाजापेक्षा २ टक्क्यांहून जास्त आला, तर अंदाजावरची सगळीच रक्कम परत जाते, २ टक्क्यांसकट. २०२१-२३ च्या काळासाठी ती ५.६१ अब्ज डॉलर भरली आणि करदात्यांना २०२२ च्या कराच्या ४४.२८ टक्के इतकी करातून थेट सूट मिळाली. तिथे अंदाज बांधणाऱ्याच्या चुकीलाच रिफंड म्हणतात, असं म्हणलं तरी चालेल. ओरेगनमध्ये 'अंदाजापेक्षा जास्त' ही बातमी वाचून खूश व्हायला हरकत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये त्या बातमीचा अर्थ वेगळा आहे.

आता प्रत्यक्ष पाठपुरावा कसा करायचा ते. सर्वांत सामान्य चूक म्हणजे आतापर्यंत आलेल्या महसुलाला महिन्यांनी भागून बाराने गुणणं. करमहसूल असा सारखा येत नाही. पगारातून कापला जाणारा कर आणि विक्रीकर बऱ्यापैकी संथपणे येतात. पण आगाऊ कराचे हप्ते एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीत येतात, आणि एप्रिल हा तर वर्षाचा राजा. विवरणपत्रं भरली जातात, शेअर विकून झालेल्या नफ्यावरचा कर तेव्हा येतो. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये रिफंड बाहेर जातात, त्यामुळे निव्वळ वसुली उगीचच मंद दिसते. म्हणून मी गेल्या काही वर्षांत त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत वर्षाच्या वसुलीचा किती हिस्सा आला होता ते काढते, आणि त्या हिश्शाने आजपर्यंतच्या वसुलीला भागते.

कल्पित आकडे घेऊन दाखवते. समजा मार्चअखेर २९ अब्ज जमा झाले, आणि मागच्या वर्षांत मार्चअखेर ६८ ते ७१ टक्के वसुली झालेली असायची. २९ ला ०.७१ ने भागा, वर्षअखेर ४०.८ अब्ज. ०.६८ ने भागा, ४२.६ अब्ज. दोन्हीत जवळपास १.८ अब्जांचं अंतर. मर्यादा या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असेल तर मार्चमध्ये प्रामाणिक उत्तर 'अजून सांगता येत नाही' हेच. एप्रिल संपला, जमा ३५ अब्ज झाली आणि मागचा हिस्सा ८३ ते ८४.५ टक्के असा असेल, तर अंदाज ४१.४ ते ४२.२ अब्ज इतका आवळतो. म्हणजे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, एप्रिलचे आकडे आल्यावर, पहिल्यांदा काहीतरी ठामपणे बोलता येतं. त्याआधी छातीठोक भाकीत करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

एप्रिल किती दगा देऊ शकतो याचं उदाहरण याच राज्याने दिलं. एप्रिल २०२२ मध्ये वसुली सुमारे ६.९ अब्ज होती. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ४.८ अब्ज. एकाच महिन्यात वर्षावर्षाचा फरक दोन अब्जांहून मोठा. २०२१ चा शेअरबाजार तेजीत होता, त्याचा नफा एप्रिल २०२२ मध्ये कर होऊन आला. २०२२ मध्ये बाजार पडला, आणि एप्रिल २०२३ कोरडा गेला. जुलै ते मार्चच्या आकड्यांत यातलं फारसं काही दिसत नव्हतं. म्हणून मी महसुलाचे दोन भाग करते, एक पगार-विक्रीचा संथ भाग आणि दुसरा भांडवली नफ्याचा चंचल भाग, आणि दुसऱ्याला नेहमी मोठी रेंज देते.

२०२२ च्या आकड्यात आणखी एक गोष्ट होती जी समजून घेतल्याशिवाय ते वर्ष समजत नाही. २०१७ च्या संघीय करकायद्याने राज्य आणि स्थानिक करांची वजावट १०,००० डॉलरवर अडवली. त्यावर उपाय म्हणून मॅसॅच्युसेट्सने २०२१ मध्ये भागीदारी संस्था आणि एस-कॉर्पोरेशनसारख्या, नफ्यावरचा कर मालकांच्या विवरणपत्रात जाणाऱ्या व्यवसायांना ऐच्छिक ५ टक्के कर भरायची सोय केली. व्यवसायाने कर भरायचा, संघीय करात त्याची वजावट घ्यायची, आणि मालकांना त्या कराच्या ९० टक्के इतकं क्रेडिट, म्हणजे करातून थेट सूट, आपल्या वैयक्तिक राज्यकरात मिळायचं. राज्याच्या दृष्टीने हा बहुतांशी फिरता पैसा: आज आत येतो, उद्या क्रेडिट म्हणून बाहेर जातो. पण 'आज' आणि 'उद्या' वेगवेगळ्या आर्थिक वर्षांत पडले की एका वर्षाचा महसूल फुगतो आणि पुढच्याचा आक्रसतो. मर्यादेचा कायदा एकेका वर्षाचा हिशेब करतो, त्याला हा फुगवटा ओळखता येत नाही. त्यामुळे नवा कर, नवं क्रेडिट किंवा भरणा तारखेतला बदल दिसला की शीटवर त्याची ओळ वेगळी काढा, एकूण बेरजेत मिसळू देऊ नका.

मर्यादेच्या बाजूचा अंदाज तुलनेने सोपा. मागच्या सप्टेंबरात लेखापरीक्षकांनी प्रमाणित केलेली मर्यादा घ्या. संघीय वाणिज्य खात्याचा अर्थविश्लेषण विभाग राज्यनिहाय पगार-मजुरीचे आकडे प्रसिद्ध करतो, त्यातून तीन कॅलेंडर वर्षांची वाढ काढून सरासरी लावा. तीनपैकी बहुतेक वर्षं आधीच संपलेली असतात, त्यामुळे इथे आश्चर्याला जागा कमी. फक्त लक्षात ठेवा, ते आकडे नंतर सुधारले जातात, आणि ३८.८७१ अब्जांच्या पायावर एका टक्क्याचा फरक म्हणजे ३९ कोटी डॉलर. म्हणून मर्यादाही मी एक रेघ म्हणून न काढता पट्टा म्हणून काढते. महसुलाचा पट्टा आणि मर्यादेचा पट्टा एकमेकांना भिडले की लक्ष द्यायचं. नाहीतर निवांत राहायचं.

आता जी गोष्ट मला मनापासून सांगायची आहे ती. एप्रिल २०२२ ची वसुली मे महिन्याच्या सुरुवातीलाच जाहीर झाली होती. वर सांगितलेला हिशेब तेव्हाच करता आला असता. पण राज्यात ६२एफची जाहीर चर्चा सुरू झाली जुलैच्या अखेरीस, गव्हर्नर चार्ली बेकर यांच्या प्रशासनाने तीन अब्जांच्या आसपास परत करावे लागतील असं सांगितल्यावर. तेव्हा विधिमंडळाच्या नियमित अधिवेशनाचे अखेरचे दिवस चालू होते आणि सुमारे एक अब्ज डॉलरच्या करसवलतींचं विधेयक मंजुरीच्या उंबरठ्यावर होतं. इतका मोठा खर्च समोर येताच ते विधेयक अडकलं. त्यात भाडेकरूंना, लहान मुलांचा आणि वृद्धांचा सांभाळ करणाऱ्या कुटुंबांना सवलती होत्या, आणि त्या त्यांना पुढच्या वर्षाच्या शरद ऋतूपर्यंत मिळाल्या नाहीत. रिफंड कायद्याने द्यायचाच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या राज्याकडे महसुलाचे दर महिन्याचे, खरं तर महिन्याच्या मध्याचेसुद्धा आकडे तयार असतात, त्याने मर्यादेपासूनचं अंतर नागरिकांना सांगू नये हे मला मान्य नाही. मासिक पत्रकात बेंचमार्कच्या शेजारी आणखी एक ओळ छापायला काय लागतं? अनुज्ञेय महसुलाचा अंदाज, वर्षअखेरच्या महसुलाचा अंदाज, आणि दोन्हींतलं अंतर. कोलोराडोत दर तिमाहीला विधिमंडळाचे अर्थतज्ज्ञ आणि गव्हर्नरचं अर्थसंकल्प कार्यालय असे दोघेही आपापला अंदाज मांडतात, आणि त्यात टेबॉरखाली किती परत द्यावं लागेल ते लिहिलेलं असतं. दोघांचे आकडे जुळत नाहीत, वाद होतात, आणि तो वाद लोकांसमोर होतो. मॅसॅच्युसेट्समध्येही असंच व्हायला हवं, आणि तुमच्या भागातल्या आमदाराला पत्र लिहायचं असेल तर याच मागणीसाठी लिहा.

तारखांचं एकदा सांगते. आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. महसूल विभाग आपला अहवाल लेखापरीक्षकांना देतो आणि लेखापरीक्षकांनी सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारपर्यंत निर्णय द्यायचा असतो. २०२२ मध्ये तो १५ सप्टेंबरला आला आणि १ नोव्हेंबरपासून पैसे निघाले. सप्टेंबरआधीची प्रत्येक बातमी, माझी शीट धरून, अंदाजच आहे.

रक्कम किती, हे मात्र आता बदललं आहे. २०२२ मध्ये प्रत्येकाला २०२१ च्या राज्य आयकराच्या १४.०३१२ टक्के मिळाले. ५,००० डॉलर कर भरणाऱ्याला ७०१ डॉलर ५६ सेंट, ५०,००० भरणाऱ्याला त्याच्या दहापट, आणि ज्याचा आयकर शून्य त्याला शून्य, जरी तो दुकानात विक्रीकर भरत असला तरी. जादा महसूल सगळ्याच करांतून आला होता आणि परत गेला फक्त आयकराच्या प्रमाणात, हे मला तेव्हाही खटकलं होतं. ४ ऑक्टोबर २०२३ ला गव्हर्नर मॉरा हीली यांनी सही केलेल्या करसवलत कायद्याने हे बदललं. यापुढे मर्यादा ओलांडली गेली तर रक्कम करदात्यांमध्ये समान वाटली जाईल. त्यामुळे २०२२ ला तुम्हाला किती मिळाले यावरून पुढच्या वेळचा आकडा बांधू नका. चांगला पगार असलेल्या आयटीतल्या कुटुंबाला तो बराच लहान वाटेल, आणि नुकतीच पहिली नोकरी लागलेल्या मुलाला मोठा.

तुमच्या ओळखीतली काही मंडळी मधल्या काळात न्यू जर्सीला किंवा टेक्ससला गेली असतील. २०२२ चा रिफंड मिळायला तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये राहणं आवश्यक नव्हतं, २०२१ साली तिथे कर लागू झालेला आणि विवरणपत्र भरलेलं असणं आवश्यक होतं. म्हणूनच चेक जुन्या पत्त्यावर जाण्याचा धोका होता. राज्य सोडताना महसूल विभागाकडे पत्ता बदलून ठेवा, हे काम दोन मिनिटांचं आहे.

आणि हा पैसा संघीय करात उत्पन्न म्हणून दाखवायचा का? फेब्रुवारी २०२३ मध्ये आयआरएसने, म्हणजे संघीय करखात्याने, याबाबत खुलासा केला. मॅसॅच्युसेट्सची ही रक्कम भरलेल्या कराचा परतावा मानली गेली. ज्यांनी २०२१ च्या विवरणपत्रात स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरावीक वजावट) घेतलं होतं त्यांना ती दाखवायची गरज नव्हती. ज्यांनी खर्चांची यादी देऊन वजावट घेतली, पण १०,००० डॉलरची मर्यादा आधीच भरल्यामुळे राज्यकराचा वाढीव फायदा झालाच नव्हता, त्यांनाही नव्हती. ज्यांना त्या वजावटीचा खरोखर फायदा झाला होता, त्यांच्यासाठी ती करपात्र होती. तुम्ही कोणत्या गटात होता ते २०२१ च्या संघीय विवरणपत्राच्या शेड्यूल ए वरून, म्हणजे खर्चांची यादी देण्याच्या फॉर्मवरून, कळेल. ते शेड्यूल तुमच्या फाइलमध्ये नसेल, तर तुम्ही पहिल्या गटातले.